रोपांच्या दिव्याला काच कोणती?

आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे रोपांना विजेचा दिवा दाखवण्याची गरज काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो. ज्याच्यापाशी मोकळे आभाळ आहे त्याला या दिव्याची गरज नाही. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. ४०० वॅटचा सोडियमचा दिवा नवा असताना सुमारे पन्नास हजार ल्यूमेन देतो. तो सगळाच्या सगळा एका चौरस मीटरवर पाडता आला, आणि तसा तो कधीच पाडता येत नाही, तरी उन्हाच्या निम्माच भरेल. शिवाय ऊन फुकट आहे. हा दिवा सोळा तास जाळला तर चोकच्या खर्चासह रोज सात युनिट वीज खातो, म्हणजे महिन्याला दोनशे दहा युनिट. पऱ्हाटीला, तुरीला कोणी दिवा लावत नाही आणि लावूही नये.

तथापि काही कामे अशी आहेत की ती बंद खोलीतच करावी लागतात. जळगावला केळीची उतिसंवर्धित रोपे तयार होतात, ती बाटलीत असताना खोलीतल्या दिव्याखालीच वाढतात. अलीकडे महाराष्ट्रात काही जणांनी थंड केलेल्या खोलीत केशराचे कंद फुलवून दाखवले. आणि आमच्याकडची काही तरुण मुले पावसाळ्यात, आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा, मिरचीची आणि टोमॅटोची रोपे घरात वाढवून पाहतात. या मुलांपाशी पैसा नाही. हुशारी आहे आणि भंगार आहे.

हे भंगार कोठून आले तेही सांगतो. केंद्र सरकारने २०१५ साली रस्त्यावरचे दिवे बदलून एलईडी बसवण्याची योजना सुरू केली. त्यानंतर गावोगावचे पिवळे सोडियमचे दिवे खांबांवरून उतरले आणि चोक, इग्नायटर, परावर्तक यांच्यासकट भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडले. वणीला आमच्या युनियनच्या कचेरीत एका खाणकामगाराचा मुलगा असाच एक दिवा घेऊन आला. त्याने जुन्या कूलरच्या पत्र्याची पेटी केली होती, दोन बाजूंना सहा इंची भोके पाडून पाइप जोडला होता, एका टोकाला पंखा बसवला होता. खालची बाजू तेवढी उघडी होती. बरोबर त्याने तीन तुकडे आणले होते : खिडकीच्या काचेचा एक, दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून आणलेला ॲक्रिलिकचा एक, आणि मोटारीच्या दरवाज्याची एक काच. म्हणाला, "काका, यातलं कोणतं लावू? सगळ्यांतून आरपार दिसते."

मी शाळा दहावीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण खाणीवर, कारखान्याच्या दारात आणि संघटनेच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांवर झाले. पण त्या मुलाच्या शेवटच्या वाक्यात सगळ्या विषयाची मेख आहे हे माझ्या लगेच ध्यानात आले. आरपार दिसणे हा काचेचा गुण आपल्या डोळ्यांना प्रथम दिसतो, म्हणून आपण काच त्यावरून निवडतो. या दिव्याची काच मात्र तो पंखा ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवसासाठी निवडावी लागते.

आधी दिव्याचे काम पाहू. सोडियमच्या दिव्यात बाहेरच्या फुग्याच्या आत बोटाएवढी एक नळी असते. तिच्यात सोडियमची आणि थोड्या पाऱ्याची वाफ असते आणि तिच्यातून वीज धावते. नळीची भिंत हजार अंशांच्या वर तापते. या उष्णतेत सोडियमची वाफ साध्या काचेला, इतकेच काय स्फटिकाच्या काचेलाही खाऊन टाकते. म्हणून हा दिवा फार काळ बनतच नव्हता. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉबर्ट कोबल या संशोधकाने ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची भाजलेली नळी अशी तयार केली की तिच्यातून उजेड बाहेर येतो आणि सोडियम तिला खात नाही. ही नळी हातात घेऊन पाहा. ती दुधी आहे, तिच्यातून पलीकडची अक्षरे वाचता येत नाहीत. तरी तिच्यातून नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश बाहेर पडतो. तेव्हा आरपार दिसणे वेगळे आणि प्रकाश जाणे वेगळे. रोपाला पलीकडचे पाहायचे नसते.

विजेपैकी सुमारे तीस टक्के उजेडाच्या रूपाने बाहेर पडते, बाकीची उष्णता होते. ती पेटीत साठू नये म्हणून पंख्याने हवा खेळवायची. हिशेब सोपा आहे. चारशेच्या चारशे वॅट हवेने वाहून न्यायचे आणि हवा दहा अंशांपेक्षा अधिक तापू द्यायची नाही, असे धरले तर ताशी सुमारे एकशे तीस घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. बाजारातला सहा इंची पंखा मोकळ्यावर याहून अधिक हवा ओढतो, पण पाइपाचे प्रत्येक वळण त्याचा जोर कमी करते. म्हणून पाइप आखूड आणि सरळ ठेवावा. आपल्याकडे उन्हाळ्यात आत येणारी हवाच ४४ अंशांची असते, तर बाहेर जाणारी ५४ होणार, हेही विसरू नये. त्यावर काही मुले कूलरची गार हवा पेटीत सोडण्याची युक्ती काढतात. ती युक्ती मोडून काढावी. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि तापलेल्या फुग्यावर एक थेंब पडला की फुगा तडकतो.

आता काच कशासाठी, तर या हवेची वाट बंदिस्त राहावी म्हणून. खाली काच नसेल तर पंखा रोपांच्या खोलीतली हवा ओढून नेईल, आणि दिव्याची आच थेट पानावर बसेल. काच लावली की दिवा रोपांच्या जवळ आणता येतो, आणि हा फायदा मोठा आहे. एका बिंदूपासून पसरणारा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. साठ सेंटिमीटरवरचा दिवा पंचेचाळीसवर आणला तर उजेड पावणेदोन पट होतो. परावर्तक असल्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी लाभ होतो, तरी काचेने खाल्लेला दहावा हिस्सा सहज भरून निघतो. म्हणून दोन काचांपैकी कोणती दोन टक्के अधिक उजेड सोडते यावर वाद घालत बसणे मला व्यर्थ वाटते.

हे ज्ञान आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, तो लोकांकडून पैसा पैसा गोळा करून. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घराघरांत पोचला. कंदील म्हणजे तरी काय? ज्योतीभोवती एक पारदर्शक आवरण, आणि हवा खालून आत येऊन वरून बाहेर जाण्याची सोय. ज्या पिढीने कंदील वापरला तिला दोन गोष्टी कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत. कंदिलाची काच रोज राखेने पुसावी लागते, आणि पेटत्या कंदिलावर पावसाचा थेंब पडला की काच टचकन तडकते.

ती का तडकते? साध्या काचेचा एक मीटर लांब तुकडा शंभर अंश तापवला तर तो सुमारे नऊ दशांश मिलिमीटर वाढतो. सगळी काच सारखी तापली तर काही बिघडत नाही. पण जेथे थेंब पडला तेथली काच आकसू पाहते आणि भोवतीची तापलेली काच तिला आकसू देत नाही. काच दाब पुष्कळ सोसते, ताण फारसा सोसत नाही. मग ती फाटते. आमच्या पेटीतही हाच प्रकार, फक्त उलट बाजूने. काचेचा मधला भाग दिव्यासमोर तापतो आणि पट्टीखाली दडलेली कड थंड राहते. मधला भाग फुगू पाहतो, कड ताणली जाते, आणि कडेवर कोठे बारीक खपली उडालेली असेल तेथून तडा सुरू होतो. खिडकीची साधी काच दोन भागांत साधारण चाळीस अंशांचा फरक पडला की धोक्यात येते.

खाणीच्या दिव्याचा इतिहासही येथे सांगण्याजोगा आहे, कारण आवरण कसे निवडावे याचा धडा तेथे माणसांच्या प्राणांनी गिरवला गेला. इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत १८१२ साली वायूचा स्फोट होऊन ९२ माणसे व मुले गेली. त्यानंतर १८१५ साली हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवलेला दिवा केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, म्हणून आतली ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नाही. पण त्या दिव्याचा उजेड इतका मंद की कामगारांच्या डोळ्यांची बाहुली थरथरण्याचा रोग पुढे खाणकामगारांचाच रोग म्हणून ओळखला गेला. मग जाळीच्या खालच्या भागाच्या जागी जाड काचेचे नळकांडे आले. उजेड वाढला; पण आता सारा भार काचेवर आला. काच फुटली की दिवा आणि उघडी ज्योत यांत फरक राहत नाही. म्हणून काच जाड हवी, चांगली निववलेली हवी, तिच्या दोन्ही टोकांना गादी हवी आणि बाहेरून तिला गजांचे संरक्षण हवे, हे सगळे पुढे ठरत गेले. आमच्या वणी तालुक्यातल्या खाणी आज बहुतेक खुल्या आहेत आणि डोक्यावरचे दिवे विजेचे आहेत. तरी कारखान्यांत आणि खाणींत जो जाड काचेचा, बाहेरून जाळी असलेला दिवा दिसतो, तो त्याच वंशातला. (डेव्हीचा दिवा आल्यावर मालकांनी पूर्वी जेथे माणसे पाठवणे शक्य नव्हते अशा वायूच्या थरांत माणसे पाठवण्यास सुरुवात केली, आणि अपेक्षेप्रमाणे मृत्यू घटले नाहीत. हा वेगळा विषय आहे, पण मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.)

मी पाहिलेली एक घटना सांगतो. आपल्याच भागातील एका जिनिंगमध्ये, नाव सांगण्याचे कारण नाही, छतावरच्या मोठ्या दिव्याची मूळ काच फुटली. तिच्या जागी कोणीतरी बाजारातून खिडकीची काच कापून आणून बसवली. दोन महिने ती उत्तम चालली. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला, पत्र्यातून पाणी ठिबकले, आणि तापलेल्या काचेचे लांब सुऱ्यांसारखे तुकडे खाली आले. खाली सरकी ओढणारी एक बाई होती. तिच्या मनगटाची शीर कापली. हात वाचला, पण दोन बोटे पुढे कधी नीट मिटली नाहीत. व्यवस्थापन म्हणाले, अपघात आहे, पाऊस कोणाच्या हातात असतो? आम्ही म्हणालो, पाऊस नसेल, काच तर होती. दोन महिने चालली हा त्या काचेच्या योग्यतेचा पुरावा नव्हे. नुकसानभरपाई मिळण्यास दीड वर्ष लागले. त्या खाली कापसाचा ढीग होता आणि दिव्याचा फुगा शाबूत राहिला, म्हणून गोष्ट मनगटावर भागली.

आता त्या मुलाच्या तीन तुकड्यांकडे वळू.

खिडकीची काच बाद, हे वरून उघड आहे. मत्स्यपेटीची काच आणि तसबिरीची काच या तिच्याच बहिणी. जाड घेतली तर बरी, असा एक समज आहे, तोही खोटा. जाड काचेत आतबाहेरच्या तापमानाचा फरक अधिकच पडतो.

ॲक्रिलिक दिसायला सर्वांत देखणे. ९२ टक्के उजेड सोडते, हलके, करवतीने कापता येते, पडले तर सुऱ्या होत नाहीत. पण सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे ते मऊ होऊ लागते आणि शंभराच्या आसपास लोंबते. पेट घेतला तर भरभर जळते आणि जळते थेंब खाली गाळते. पंखा चालू असताना ते कदाचित टिकेल. पंख्याची मोटर जळाली आणि दिवा तसाच चालू राहिला तर शंभर अंश सहज ओलांडले जातात. पॉलिकार्बोनेट त्याहून दणकट. हातोडीने फुटत नाही, एकशे पंधरा अंशांपर्यंत टिकते, ८८ टक्के उजेड सोडते. पण अतिनील किरणांनी काही काळात पिवळे पडते आणि चरे लवकर धरते. चारशे वॅटच्या तापलेल्या दिव्याखाली मी दोन्ही लावू देणार नाही. पॉलिथिनचा कागद ताणून बसवणाऱ्यांविषयी काही न बोललेले बरे.

तिसरी, मोटारीच्या दरवाज्याची काच. ही जात बरोबर आहे, नग चुकीचा आहे. या जातीला बाजारात टफन काच म्हणतात. साधी काच सहाशे वीस ते साडेसहाशे अंशांपर्यंत तापवून तिच्या दोन्ही अंगांवर एकदम थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला गाभा नंतर आकसतो आणि बाहेरच्या पापुद्र्याला कायमचा दाबून धरतो. आता ताण आला तरी आधी तो हा दाब फेडतो, मग काचेला लागतो. म्हणून ती चार-पाच पट मजबूत असते आणि साधारण दोनशे अंशांचा फरक सोसते. फुटलीच तर ज्वारीच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. मात्र एकदा टफन झाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला की सगळी काच चुरा होते. मोटारीची काच वाकडी, बहुधा रंग दिलेली आणि मापाबाहेरची. म्हणून ती बाद. मोटारीची समोरची काच तर मुळीच नको. तिच्यात दोन साध्या काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो आणि उष्णतेने तो थर बिघडतो. फुटक्या सौर पॅनेलच्या काचेचा मोह कित्येकांना होतो. ती लोह कमी असलेली, उत्तम प्रकाश सोडणारी, पण टफन असल्याने तीही कापता येत नाही.

तेव्हा योग्य मार्ग असा की पेटीचे माप आधी पक्के करावे, गावच्या काचवाल्याकडे ते द्यावे, चार किंवा पाच मिलिमीटरची साधी स्वच्छ काच त्या मापाने कापून, कडा घासून, मगच ती भट्टीतून टफन करून आणण्यास सांगावे. आपल्या भागातून ती बहुधा नागपुराकडे जाईल, आठ-दहा दिवस लागतील. सुरक्षा-काचेसाठी आय.एस. २५५३ हे भारतीय मानक आहे. कोपऱ्यावर शिक्का मागावा. बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची, याहून चांगली. ती उष्णतेने साध्या काचेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढी वाढते. पण तिचा सपाट तावाएवढा तुकडा आपल्या बाजारात मिळणे कठीण, आणि मिळाला तर महाग.

टफन काचही क्वचित, आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे, काही कारण न दिसता फुटते. म्हणून काचेखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी असावी. थोडा उजेड जाईल. जाऊ द्यावा.

बसवताना काच आवळू नये. साठ सेंटिमीटरची काच दीडशे अंश तापली तर आठ दशांश मिलिमीटर वाढते आणि भोवतीचा पत्रा वेगळ्या मानाने वाढतो, म्हणून चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवावी. काच पट्टीवर नुसती टेकवावी, स्क्रूने दाबू नये. काचेला गादी काचतंतूच्या दोरीची किंवा उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची करावी. जुन्या बॉयलरवरची पांढरी दोरी भंगारात फुकट मिळते, ती मात्र हातात घेऊ नये. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिचे तंतू फुफ्फुसात गेले की परत येत नाहीत, आणि रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो, तेव्हा कामगार निवृत्त झालेला असतो आणि कारखाना बंद पडलेला असतो.

काचेचे आणखी एक काम आहे, ते कोणाच्या ध्यानात येत नाही. काही जण सोडियमऐवजी पांढरा मेटल हॅलाइड दिवा वापरतात. त्याच्या आतल्या नळीतून अतिनील किरण निघतात आणि बाहेरचा फुगा ते अडवतो. फुगा फुटूनही नळी जळत राहिली तर डोळे आणि कातडी भाजतात, वेल्डिंगवाल्याचे डोळे येतात तसे. खालची काच या किरणांचा सर्वांत घातक भाग अडवते. शिवाय या दिव्याची नळी क्वचित आतल्या दाबाने फुटते, तेव्हा तापलेले तुकडे झेलते तीही हीच काच. रोपांना लागणारा उजेड चारशे ते सातशे नॅनोमीटरमधला. तो तिच्यातून निर्वेध जातो. साधी स्वच्छ काच सुमारे नव्वद टक्के सोडते. उरलेल्यापैकी आठ टक्के तिच्या दोन पृष्ठभागांवरून, प्रत्येकी चार टक्के, परत फिरतात. आमच्या वणीला कोळशाची धूळ आठवड्याभरात याहून अधिक खाते. म्हणून दर आठवड्याला काच पुसावी, आणि ती पूर्ण थंड झाल्यावर पुसावी.

पंख्याचे पाते थांबले की दिवा आपोआप बंद व्हावा, अशी सोय या पेटीत असावीच. उष्णतेने उघडणारी छोटी कळ मिळते. ती पेटीच्या पत्र्याला चिकटवून दिव्याच्या तारेत जोडावी. वीजच गेली तर दिवा आणि पंखा दोन्ही एकदम थांबतात, त्यात धोका कमी. वीज आल्यावर तापलेला दिवा लगेच पेटत नाही, तो बिघडला असे समजून पेटी उघडू नये. इग्नायटर त्या वेळी हजारो व्होल्टचे ठोके देत असतो. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवेच, कारण खाली पाणी शिंपणारा हात ओला असतो.

पेटी तयार झाली की ती आधी अंगणात, रोपांविना, माणसांपासून दूर, दोन तास चालवून पाहावी; प्रथम पंख्यासह, मग पंखा मुद्दाम बंद ठेवून. पंख्याविना कळ आपले काम करते की नाही ते तेथेच कळते. काचेचे तापमान लांबून मोजणारे पिस्तुलासारखे यंत्र वीजकाम करणाऱ्यांकडे असते. ते काचेवर रोखले की काचेचेच तापमान सांगते, आतल्या दिव्याचे नाही. कारण त्या लांबीच्या उष्ण किरणांना काच आरपार नसते. २०२० च्या साथीत कपाळावर धरायची जी यंत्रे घरोघरी आली, ती येथे उपयोगाची नाहीत. त्यांची धाव तापाच्या माणसापुरती.

आणि ज्याला नवा दिवा विकत घेणे परवडते त्याने एलईडी घ्यावा. त्याची उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पंखांतून बाहेर पडते, पुढचे अंग त्या मानाने थंड असते. त्याला बहुधा काच लागत नाही. पाण्याच्या शिंतोड्यांसाठी आवरण हवेच असेल तर तेथे पॉलिकार्बोनेट चालते, ॲक्रिलिकही चालते, मात्र मागची हवेची वाट झाकू नये. त्या मुलाला मी हेही सांगितले. तो म्हणाला, एलईडीला पैसे लागतात, हा दिवा तर भंगारात किलोवर मिळाला. मग आम्ही दोघे टेप घेऊन पेटी मोजायला बसलो. ५८ सेंटिमीटर लांब, ४१ रुंद. काचवाल्याला माप लिहून दिले, त्याच्याखाली जाड अक्षरांत लिहिले : आधी कापणे, मग टफन.